भाऊजींचे तीन रुमाल

खुर्चीकडे आमच्या भाऊजींइतक्या आदराने पाहणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल. भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. सांगलीच्या एका नाट्यगृहात तिकीटखिडकीमागे त्यांनी एकतीस वर्षं काढली. समोर आसनांचा छापील तक्ता, हातात लाल-निळी पेन्सिल आणि कुणाला खांबाआड बसवायचं, कुणाला पंख्याखाली, याचा निवाडा करण्याचा पूर्ण अधिकार. उशिरा येणाऱ्यांसाठी खिडकी मध्यंतरापर्यंत उघडी ठेवावी लागे. त्यामुळे भाऊजींनी शेकडो नाटकांचे शेवट पाहिले, सुरुवात एकाचीही नाही. "नायिका रडते एवढं मला माहीत असतं, का रडते ते विचारू नका," असं ते स्वतःच सांगत. ते निवृत्त झाले, मग जाऊबाई गेल्या, आणि एका जुलैत भाऊजी व्हिजिट पासवर अडीच महिन्यांसाठी आमच्याकडे सिंगापूरला आले.

मी यादी करणारी बाई आहे. यादी नसती तर ऑफिस, घर आणि मुलीची शाळा या तीन घोड्यांवर बसून मी केव्हाच पडले असते. भाऊजी येणार म्हटल्यावर मी फ्रिजवर दहा कलमांची यादी चिकटवून ठेवली होती : पक्षी उद्यान, केबल कार, बोटीतून फेरी वगैरे. त्यांनी चष्मा लावून ती शांतपणे वाचली आणि म्हणाले, "सुनीता, हे सगळं तू म्हणशील तसं. माझं एकच लिही. एक कार्यक्रम चौघांनी मिळून पहिल्या मिनिटापासून पाहायचा, आणि मग एका टेबलाशी बसून जेवायचं. चौघांनी. घाई न करता."

"एवढंच?" मी म्हटलं आणि अकरा नंबरला लिहून टाकलं. सगळ्या यादीत मला ते सर्वांत सोपं वाटलं होतं.

आमचा फ्लॅट क्लेमेंटीला, नवव्या मजल्यावर. खाली उतरलं की हॉकर सेंटर, म्हणजे एका छपराखाली खाण्याचे पन्नासेक गाळे. गोल टेबलं, प्रत्येकाभोवती जमिनीत रोवलेली चार स्टुलं, आणि जेवणाच्या वेळेला रिकामी दिसणारी सगळी जागा आधीच कुणाची तरी. कारण इथले लोक आधी टेबलावर टिश्यूपेपरचं पाकीट टाकतात आणि मग निवांत रांगेत जाऊन उभे राहतात. त्या पाकिटाला कोणी हात लावत नाही. नव्याने आलेल्या माणसाला ही पद्धत कळायला महिना लागतो. भाऊजींना अर्धं मिनिट लागलं. "ही तर आपली एस.टी.," ते म्हणाले आणि खिशातून इस्त्रीचा पांढरा रुमाल काढून त्यांनी एका स्टुलावर अंथरला. दुसऱ्या दिवसापासून ते तीन रुमाल बाळगू लागले. एक माझा, एक माझ्या नवऱ्याचा, एक आमच्या मुलीचा, केतकीचा. चौथ्या स्टुलावर ते स्वतः.

या रुमालांपायी मी हात टेकले. डॉक्टरकडे गेलो तर दवाखान्यातल्या तीन खुर्च्यांवर रुमाल. घरात सोफ्यावर रुमाल. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, एक म्हातारी चिनी बाई चढलेली दिसली की हे चार माणसं ओलांडून एका सीटवर रुमाल टाकत, वर तिला मराठीत सांगत, "ही घ्या, इथे एसीचा झोत येत नाही." बाई हसून बसायची. मी मात्र दाराजवळ उभी राहून स्टेशनांची नावं वाचत असायची. खाण्याचा त्यांचा नियमही नाट्यगृहातलाच : जिथे रांग मोठी तो खेळ चांगला. एकदा त्यांनी सर्वांत लांब रांग निवडली, पाऊण तास उभे राहिले आणि नंबर आल्यावर समोर डुकराचे पाय शिजत असलेले पाहिले. जन्माचे शाकाहारी. पण रांग मोडणं त्यांच्या धर्मात त्याहून मोठं पाप. त्यांनी मालकाला नमस्कार केला, मागच्या माणसाला "आपण घ्या, माझं झालं" असं सांगितलं आणि चहा पिऊन घरी आले.

कलेच्या बाबतीत तर त्यांचं सोनं झालं होतं. नदीच्या मुखाशी ते काटेरी पाठीचं मोठं नाट्यगृह नुकतंच उभं राहिलं होतं आणि तिथे संध्याकाळी फुकट कार्यक्रम होत. भाऊजी दुपारी चारलाच निघत. व्हायोलिन असो, मलय ढोल असो, शाळकरी मुलांचं समूहगान असो, ते पहिल्या सुरापासून हजर. आल्यावर मी विचारायची, "कसं झालं?" ते म्हणायचे, "तिसऱ्या रांगेत डावीकडून पाचवी. उत्तम." शेवट कसा झाला ते मात्र त्यांना कधीच सांगता यायचं नाही. कारण साडेसहाच्या आत परत येऊन खाली टेबल धरायचं असायचं.

रोज. हे मला लिहितानासुद्धा जड जातं. ते रोज साडेसहाला तीन स्टुलांवर तीन रुमाल अंथरून बसत, आणि रोज आम्ही येत नसू. नवऱ्याच्या बँकेत नवीन सिस्टिम सुरू व्हायची होती, ती त्या अडीच महिन्यांत चार वेळा सुरू व्हायची राहिली. माझं पाया लेबारचं ऑफिस सातशिवाय सुटत नसे. केतकी तेव्हा पंधरा वर्षांची, ती फोनवर इथल्या बोलीत सांगायची, "काका, आज ट्यूशन लाह. उद्या कॅन?" भाऊजी म्हणायचे, "कॅन." इथे 'चालेल'ला कॅन म्हणतात; हा एक शब्द ते इथे येऊन शिकले. आठ वाजता ते रुमाल घडी करून खिशात ठेवत, एकट्याने शेवया खात आणि आम्हा तिघांसाठी तीन डबे बांधून वर आणत. आम्ही ते तीन वेगवेगळ्या वेळी, तीन वेगवेगळ्या खोल्यांत खायचो. फ्रिजवरची दहा कलमं मी एका शनिवार-रविवारच्या धडाक्यात खोडून टाकली. अकरावं मी दर सोमवारी नव्या यादीवर उतरवून घेत होते.

ऑगस्टमध्ये इथल्या चिनी लोकांचा पितरांचा महिना लागला. आमच्या ब्लॉकमागच्या मैदानात मंडप पडला, रोज संध्याकाळी चिनी नाटक आणि गाणी. भाऊजी पहिल्या दिवशी गेले तर मंडप भरलेला आणि पहिली रांग सबंध मोकळी. एकतीस वर्षांत पहिली रांग मोकळी राहिलेली त्यांनी पाहिली नव्हती. त्यांनी लगबगीने तीन खुर्च्यांवर तीन रुमाल टाकले आणि चौथीवर बसले. मागच्या दोनशे माणसांनी एकदम श्वास रोखला म्हणे. एक म्हातारे गृहस्थ पुढे आले, त्यांना हाताला धरून हळूच उठवलं आणि मोडक्या इंग्रजीत समजावलं : ही रांग मेलेल्यांची. ते येऊन बसतात, म्हणून मोकळी ठेवतो.

हे सगळं मला आमच्या शेजारणीने लिफ्टमध्ये सांगितलं, आणि मी लाजेने अर्धी झाले. वर येऊन पाहते तर भाऊजी बाल्कनीत बसून रुमालांच्या घड्या घालत होते.

"भाऊजी, मला विचारायचं तरी."

"चुकलंच," ते म्हणाले. "आपण पान वाढतो, हे खुर्ची मांडतात. चांगली पद्धत आहे." मग शेवटच्या रुमालाची घडी बसवत म्हणाले, "तुझी जाऊ प्रत्येक नाटकाला यायची. शेजारच्या खुर्चीवर माझा रुमाल. सबंध पहिला अंक ती त्या रुमालाशेजारी बसून नाटक बघायची. मी मध्यंतरात पोचायचो, तोवर तिला सगळं कळलेलं असायचं आणि मला काहीच नाही. कधी बोलली नाही. मला वाटायचं, जागा धरली आहे म्हणजे झालं."

मी म्हटलं, "या शनिवारी नक्की."

"कॅन," भाऊजी म्हणाले.

त्या शनिवारी बँकेची सिस्टिम पुन्हा सुरू होणार होती. त्यानंतरच्या शनिवारी केतकीची चाचणी. आणि मग त्यांच्या परतीच्या विमानाचा आदला दिवस आला.

त्या दिवशी मात्र मी हट्टाला पेटले. नवऱ्याला सकाळीच बजावलं. केतकीची ट्यूशन रद्द केली. अर्धी रजा टाकली. कार्यक्रम पाहायला वेळ उरलाच नाही, पण सात वाजता आम्ही तिघं एकदम हॉकर सेंटरला उतरलो. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. शुक्रवारची गर्दी, टेबलाटेबलावर टिश्यूची पाकिटं. भाऊजी एका खांबाला टेकून उभे होते. त्यांच्यामागे, त्यांच्या नेहमीच्या टेबलाशी, चार अनोळखी माणसं जेवत होती.

"दादा, टेबल?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

भाऊजी आमच्याकडे पाहतच राहिले. एक, दोन, तीन, असं मोजल्यासारखं. "अरे," ते म्हणाले, "तुम्ही आलात होय." मग फार ओशाळून म्हणाले, "आज रुमाल टाकलेच नाहीत रे. बॅगेत भरले. म्हटलं, लोक ताटं घेऊन उभे असतात, त्यांना तरी बसू द्यावं."

आम्ही वीस मिनिटं फिरलो. शेवटी दोन भाऊ एका टोकाला, कुणा कामगारांच्या टेबलावर, आणि मी नि केतकी दुसऱ्या टोकाला, असे बसलो. मधे सारं हॉकर सेंटर. केतकी स्टुलावर उभी राहून हात हलवत होती. भाऊजींनी चहाचा ग्लास उंच करून दाखवला. ते काहीतरी बोललेही, पण तेवढ्या लांबून ऐकू आलं नाही. मी काय जेवले ते मला आठवत नाही.

पुढच्या वर्षी त्यांचे गुडघे गेले आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केला. केतकी शिकायला दूर गेली. दर शुक्रवारी मी सांगलीला फोन करते. तब्येत, औषधं, पाऊस हे विषय संपले की भाऊजी हमखास विचारतात, "काल जेवायला कुठे होतात?"

काल मी ऑफिसात टेबलावरच डबा खाल्लेला असतो. मी म्हणते, "खालीच."

"किती जण?"

"आम्ही दोघंच. पण मोठं टेबल मिळालं. शेवया मागवल्या होत्या."

"आणि उरलेली दोन स्टुलं?"

"रुमाल टाकले होते, भाऊजी."

मग ते काळजीने विचारतात, "इस्त्रीचे होते ना?"