साखरेचा डबा दाबला की डॉक्टर

आमच्या घरात बिघडलेली वस्तू दुरुस्त करायचं काम माझ्याकडे आहे. त्यामुळे एखादी वस्तू बिघडली की घरचे ती आधी माझ्यापासून लपवतात.

गेल्या दिवाळीत मी आईचा मिक्सर उघडला होता. पुन्हा बसवला तेव्हा तीन स्क्रू आणि एक स्प्रिंग उरली (कंपन्या उगाच जास्तीचं सामान घालतात). तेव्हापासून मिक्सर पोत्यात आहे आणि आई चटणी पाट्यावर वाटते.

फोन मात्र लपवता आला नाही. मी परभणीत एका कॉलेजच्या ऑफिसात आहे, आईअण्णा सोनपेठजवळ गावी. आईनं फोन उचलला तरी 'हॅलो' माझ्यापर्यंत पोचायला तिचा फोन मिनिटभर घ्यायचा. कंपनीनं त्या मॉडेलचे अपडेट कधीच बंद केलेले. सुट्टीला गावी आलो तेव्हा म्हटलं, कस्टम रॉम टाकू. म्हणजे कंपनीची जुनी सिस्टिम काढायची आणि जाणकारांनी बनवलेली हलकी सिस्टिम बसवायची. फोन नवा होतो.

"जसाय तसा राहू दे की," आई म्हणाली.

"आई, मी सगळं शिकून आलोय."

"मिक्सरलाबी शिकूनच आलतास."

मी तिकडे लक्ष दिलं नाही. आणि खरं सांगतो, काम मी नमुनेदार केलं. बॅटरी पूर्ण भरली. मॉडेल नंबर तीनदा जुळवला. बूटलोडरचं, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचं, कुलूप उघडलं की फोन कोरा होतो, म्हणून आधी सगळ्याची प्रत लॅपटॉपवर घेतली. रॉमची फाइल तपासून घेतली. मग एकेक ॲप परत टाकलं, तेही अधिकृत ठिकाणाहूनच. फोन हरणासारखा पळायला लागला. एवढं व्यवस्थित काम माझ्या हातून पहिल्यांदाच होत होतं आणि बघायला कोणी नव्हतं, याचं मला वाईट वाटलं.

नंबर परत आणताना तेवढा एक कचरा दिसला. प्रत्येक नंबराला भलताच फोटो चिकटलेला. कुठं साखरेचा डबा, कुठं विहिरीवरची मोटर, कुठं म्हशीचं थोबाड. आईच्या अंगठ्यानं चुकून निघाले असणार. मी फक्त नावं आणि नंबर आणले, फोटो वगळले.

आईनं फोन बघितला आणि तिचा चेहराच पडला.

"माझी माणसं कुठं गेली रे?"

तेव्हा मला आठवलं की आईला वाचता येत नाही. दिवाळीत बहिणीनं तिला फोटो लावून दिले होते. मी जरा ओशाळलो, पण क्षणभरच. जुने फोटो होतेच लॅपटॉपवर. आईला न विचारता (तिला काय विचारायचं?) मी ते डोकं लावून नीट जुळवले. साखरेचा डबा किराणावाल्या शेठजींना. मोटर मोटरमेकॅनिकला. म्हैस जनावरांच्या डॉक्टरला. आता कसं, शास्त्रशुद्ध!

दुसऱ्या दिवशी अण्णा सोनपेठच्या बाजारात गेले आणि दुपारी म्हैस अडली. पहिलटकरीण. रेडकाचा एकच पाय बाहेर. दुधाच्या आशेचं दावणीला तेवढं एकच जनावर आणि आईचा तिच्यावर लय जीव. मी गोठ्यात दावं धरून उभा राहिलो. आई अंगणातून ओरडली, "लावला फोन डॉक्टरला. निघालेत."

आईची फोनची पद्धत अशी की ती आपलं सांगते आणि कट करते. समोरचा कोण, काय म्हणतोय, या भानगडीत पडत नाही. दहा मिनिटांनी तिनं डॉक्टरांना पुन्हा फोन लावला.

आले शेठजी, धापा टाकत.

"काकू, 'म्हशीसाठी लवकर या' म्हणलात. व्याल्यावर गूळ लागतोय, म्हणून घिऊन आलो. दोनदा फोन आला म्हणून दोन भेल्या आणल्या."

आईनं कपाळावर हात मारला आणि अण्णांना फोन लावला. पाव तासानं मोटरमेकॅनिक आला, पाने-पकडी आणि खांद्यावर जाड दोरखंड घेऊन.

"मोटर कुठं अडकली?"

"अरे देवा, मी यांना बोलावलं होतं," आई रडकुंडीला आली.

म्हैस आता जमिनीवर बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. मला त्या नजरेला नजर देता येईना. फोटो मी चुकीचे जुळवलेत हे अजून कोणाला कळलं नव्हतं, पण मला कळायला लागलं होतं. दावं शेठजींकडे देऊन फोन घ्यायला मी अंगणात आलो, तर आई कोणाशी तरी बोलून कट करत होती. शेवटचा उपाय म्हणून तिनं आत्याला, म्हणजे तिच्या नणंदेला, बोलावलं होतं. तिला गुराढोरांतलं सगळं कळतं.

मी डॉक्टरांचा नंबर शोधतोय तोवर फटफटीवरून जनावरांचे डॉक्टर उतरले, जवळच आले होते. बाह्या सरसावून लगेच कामाला लागले. मेकॅनिकचा दोरखंड धरून आम्ही म्हैस सावरली, डॉक्टरांनी आत हात घालून दुसरा पाय सरळ केला आणि अर्ध्या तासात रेडकू बाहेर आलं, वगार होती. काळीभोर, धडधाकट. आईनं पदर डोळ्याला लावला. माझेही डोळे भरून आले.

हात धुताना डॉक्टर म्हणाले, "काकू, फोनवर तुमी म्हणलात, 'वन्स, पळत या. त्या डॉक्टरला दोनदा फोन केला, मुडदा अजून आला न्हाई.' म्हणलं, मुडद्यानं जाऊन बघावं."

आईनं तोंडाला पदर लावला. मग एकेक उलगडलं. डॉक्टरांना मधुमेह, ते बिनसाखरेचा चहा पितात, म्हणून साखरेचा डबा म्हणजे डॉक्टर. मोटर म्हणजे अण्णा, कारण "दोन-तीनदा बटन दाबल्याबिगर चालू होत न्हाईत." आणि म्हैस म्हणजे आत्या.

"का गं?"

"म्हैस त्यांच्याकडूनच आणली ना," आई म्हणाली, पण जरा घाईनं म्हणाली.

"बघ, म्हशीचा फोटो मी डॉक्टरांना लावला म्हणून ते आले," मी म्हणालो. शेठजी गूळ फोडायला लागले.

संध्याकाळी आईला शेजारी बसवून मी सगळे फोटो तिच्या हिशोबानं लावले. शेवटी एकच उरला. पोत्यातून डोकावणारं काहीतरी, बाहेर लोंबणारी वायर. मोठा करून बघितला. मिक्सर.

"हे कोण?"

"तू."

मी फोटो पुन्हा लहान केला. मग म्हणालो, "आई, आण तो मिक्सर. आजच दुरुस्त करून देतो. मग तरी माझा फोटो बदलशील?"

"नको रे बाबा," आई म्हणाली. "तू दुरुस्त केल्यावर त्यो मिक्सर हाय हे नव्या फोटोत तरी कुठं ओळखू येईल?"