सातवं दार

ती घटना आजही आठवते आणि आठवली की राग येतो. इतरांचा थोडा, माझ्या स्वतःच्या सहीचा जास्त.

वर्धा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. हद्दीत एक जुनं मनोरुग्णालय होतं, इंग्रजांच्या मध्य प्रांताच्या काळात बांधलेलं. काळ्या दगडाचा पाया, दोन फूट जाड भिंती, कौलारू छप्पर आणि कमानींचा लांब व्हरांडा. रुग्ण आता मागच्या नव्या इमारतीत राहत. जुनी रिकामीच होती. रिकामी झाल्यावरच ती सगळ्यांना सुंदर दिसू लागली. एप्रिलच्या शेवटी तिला वारसा वास्तू म्हणून जाहीर करण्याचा सोहळा ठरला. व्हरांड्याच्या टोकाला, कडुनिंबाच्या सावलीत मंच, मागे लोखंडी पाइपांच्या सांगाड्यावर मोठा फ्लेक्स. बंदोबस्त आमचा. मी पहिल्या रांगेत बसून सगळी भाषणं ऐकली. प्रमुख पाहुणे म्हणाले, "या भिंती आपल्याशी बोलतात!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

संध्याकाळी पाच वाजता, पाहुण्यांची शेवटची गाडी हद्दीबाहेर गेल्यावर, रुग्णालयाच्या अधीक्षकांचा फोन आला. एक बाई दुपारपासून सापडत नव्हती.

"दुपारपासून? आणि आता सांगता?"

"कार्यक्रम होता ना साहेब. म्हटलं, उगाच गालबोट नको."

बाई साठीच्या पुढची, तीस वर्षं तिथंच राहिलेली. बरी होऊन जमाना झाला होता, पण न्यायला कोणी आलं नव्हतं. सगळे तिला 'मोठी माय' म्हणत. आमच्याकडचं एप्रिलचं ऊन ज्याला माहीत आहे त्याला वेगळं सांगायला नको. एवढी म्हातारी अनवाणी उघड्यावर राहिली, तर दुसऱ्या दिवशी आम्हाला तपास नव्हे, इन्क्वेस्ट, म्हणजे प्रेताचा पंचनामा करावा लागणार होता.

मिसिंग दाखल केली, वायरलेसवर वर्णन दिलं आणि जमादाराला पंचनाम्याला पाठवलं. तो अर्ध्या तासात परत आला. इतक्या लवकर आलेला पंचनामा नीट वाचावा, हे मी नव्या अधिकाऱ्यांना नेहमी सांगत असे. कागदावर होतं : 'रस्त्यालगतची आवारभिंत चार फूट उंच असून सहज ओलांडण्याजोगी आहे.' मी सही केली.

बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, म्हणून रुग्णालयाच्या फाटकाजवळच्या कार्यालयात मीच गेलो. ज्या कक्षसेविकेकडे मोठी मायची जबाबदारी होती तिच्या निलंबनाचा कागद अधीक्षकांनी आधीच टाइप करून ठेवला होता. रुग्णालयात त्या दिवशी वेळेवर झालेलं काम मला तेवढं एकच दिसलं.

कक्षसेविका आत आली. "जय भीम साहेब," म्हणाली आणि उभीच राहिली.

"शेवटचं कधी पाहिलं तिला?"

"सकायी नाश्त्याले. ताटं पुरे परत आलते. बारा वाजता जेवाच्या वक्ताले एक ताट उरलं. आमी ताटावरूनच मोजतो साहेब. मानसं इकडं तिकडं हालतात, ताटं नाई हालत. मी तवाच मोठ्या साहेबाले सांगतलं."

अधीक्षक पंख्याकडे बघू लागले.

"भिंतीवरून गेली असणार," मी म्हणालो.

"मोठी माय? त्या भिंतीवरून?" ती हसली असती, पण तिला रडू येत होतं. "साहेब, तुमी भिंत पाह्यली का?"

हा प्रश्न मला उद्धट वाटला. "चार फूट आहे. माझ्या जमादाराने मोजली."

"कोनत्या अंगानं मोजली?"

मी तिला गप्प केलं. निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल होऊ शकतो, असंही ऐकवलं. तिच्या नोकरीची दोन वर्षं उरली होती. ती एवढंच म्हणाली, "नोकरी जाईन त जाईन. तिले आजची बीपीची गोळी कोन देईन?"

गोळीसाठी माझ्याकडे कुठलंच कलम नव्हतं. म्हणून मी निघालो. अधिकारी बहुतेक वेळा निघतात ते त्याचसाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी खबर आली. आर्वीच्या एसटी डेपोत बारीक केसांची एक म्हातारी एकटीच बसली आहे आणि स्वतःशी बोलते आहे. जमादार दोन शिपाई घेऊन सुटला. मी जिल्ह्याला कळवूनही टाकलं की माग लागला. तासाभराने त्याचा फोन आला, पण त्याच्या आवाजाच्या आधी मागून बाईचाच आवाज ऐकू आला.

"मी येडी दिसतो का रे तुले? हिंगणीले पोरीकडं जाऊन राह्यली मी! माय-बाप हायेत का नाई तुले? पाह्य, पिशवी पाह्य!"

"साहेब," जमादार म्हणाला, "पिशवी बी पाह्यली. पापड हायेत."

"आणि स्वतःशी काय बोलत होती?"

"एसटी लेट हाय, त डेपोवाल्याले शिव्या देऊन राह्यली होती."

मी फोन ठेवला. मग जिल्ह्याला पुन्हा फोन करून माग सोडला. दुपार होत आली होती. आता ऊन आमच्यापेक्षा वेगाने काम करत होतं. वैतागून मी स्वतः रुग्णालयात गेलो आणि जे आदल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. भिंतीकडे आतल्या बाजूने चालत गेलो.

भिंतीच्या जवळ जावं तशी जमीन खाली उतरत जाते. अगदी भिंतीपाशी पोहोचलो तेव्हा मी एका खंदकात उभा होतो आणि समोर दहा फूट घडीव दगड होता. पाय ठेवायला फट नाही. रस्त्यावरून चार फूट दिसणारी भिंत हीच.

वारसा समितीचे सचिव छायाचित्रांसाठी आले होते. मला खंदकात पाहून त्यांना आनंद झाला. वरूनच सांगू लागले, "अद्भुत कल्पना आहे साहेब! रुग्णाला व्हरांड्यातून शेतं दिसावीत, कैदेत आहोत असं वाटू नये. वाटसरूला तुरुंग दिसू नये. आणि पळताही येऊ नये. करुणेची भूमिती!"

"हे काल का नाही सांगितलंत?"

"काल भाषणाला मला पाचच मिनिटं दिली होती हो!"

मी वर आलो. फाटकावर आदल्या दिवशी माझीच माणसं होती आणि आत-बाहेर जाणारा प्रत्येक जण नोंदवला गेला होता. म्हणजे ती आवारातच होती. विहीर पाहिली, स्वयंपाकघर पाहिलं, नवी इमारत पालथी घातली. जुन्या इमारतीतून जमादार घामाने निथळत आला. "साहेब, व्हरांड्यावर सा खोल्या हायेत. साही पाह्यल्या. रिकाम्या हायेत."

मी मंचासमोरच्या एका खुर्चीवर बसलो. फ्लेक्स अजून तसाच होता; मंडपवाल्याला दुसरीकडे लग्न होतं. त्यावर त्याच व्हरांड्याचं प्रचंड छायाचित्र. सचिवांचं चालूच होतं. खोल्यांचे कोपरे गोलाई दिलेले, कोणाला लागू नये म्हणून. दारं बाहेर उघडणारी, आतून कोणी अडवू नये म्हणून. कडी फक्त बाहेरून. ऐकण्याचा कंटाळा आला की मी मोजतो, ही नोकरीतली जुनी सवय. मी छायाचित्रातली दारं मोजली. पुन्हा मोजली.

"तुमच्या फोटोत सात दारं आहेत."

"सातच आहेत ना! तेच तर प्रमाणबद्धतेचं..."

मी उठलो. जमादाराने फ्लेक्स फाडला. फाडताना सचिव "अहो, अहो" करत राहिले. छायाचित्रातल्या सातव्या दाराच्या जवळजवळ मागेच खरं सातवं दार होतं. लोखंडी पाइप त्याला टेकून उभे होते आणि बाहेरून कडी होती.

पाइप हलवले, कडी काढली. मोठी माय गोल कोपऱ्यात पाठ टेकून बसली होती. मांडीवर खराटा, शेजारी रिकामी बादली. ओठ फुटले होते, पण डोळे उघडे होते. खोलीत बाहेरच्यापेक्षा कितीतरी गारवा होता. त्या भिंती आणि वरचा झरोका नसता तर वाचली नसती, असं नंतर डॉक्टर म्हणाले. सचिवांनी ते वाक्य वहीत टिपून घेतलं.

कक्षसेविका धावत आली. चमच्याने पाणी पाजता पाजता रागावत होती. "हळू पे. येवढे लोकं बसले होते बाहेर, आवाज काऊन नाई देला वं?"

मोठी मायने घोट गिळला. "दार त्याहीनं लावलं, त थेच उघडतीन ना." मग थोडं थांबून, "आन् भाषन चालू होतं."

ती रोज सकाळी तो व्हरांडा झाडत असे, कोणी न सांगता. खराटा आणि सड्याची बादली सातव्या खोलीत ठेवी. सोहळ्याच्या सकाळी ती आत असतानाच मंडपाच्या माणसांना उघडं दार दिसलं. आत न डोकावता त्यांनी कडी लावली आणि सांगाडा उभा केला. तीस वर्षांत तिला एक गोष्ट पक्की शिकवली गेली होती : दार लागलं की बसायचं. ती बसली. मी तिच्यापासून दहा पावलांवर टाळ्या वाजवत होतो.

पंचनामा मी दुसऱ्यांदा केला. 'बाहेरून चार फूट, आतून दहा फूट.' नोकरीत शेकडो भिंती मोजल्या, पण जो माणूस ज्या बाजूला उभा आहे तिथे जाऊन मोजायला मला एका कक्षसेविकेने शिकवलं, आणि तेही मी तिला गप्प केल्यानंतर. निलंबनाचा कागद अधीक्षक खणात ठेवत होते. मी माझ्यासमोर फाडायला लावला. तिची माफी मागितली. ती म्हणाली, "माफी राहू द्या साहेब. त्या दाराले आतून कडी लावून द्या."

समितीने हरकत घेतली. वास्तूच्या मूळ स्वरूपाला बाधा येते म्हणे. तीन पानी पत्र होतं. मी ते फाइलला लावलं आणि नाचणगावचा सुतार बोलावला. बाहेरची कडी काढून त्याने तीच आतून बसवली. त्या वास्तूच्या इतिहासात माझी भर एवढीच.

मोठी माय आत गेली. दार ओढून घेतलं. कडी सरकल्याचा आवाज आला. मी, जमादार, कक्षसेविका आणि सुतार व्हरांड्यात उभे राहिलो. बराच वेळ काही झालं नाही. जमादाराने दार वाजवायला हात उचलला. कक्षसेविकेने तो धरला.

"राहू दे ना, भाऊ. उघडीन थे, तिच्या मनानं."