मागच्या रांगेतला चेहरा

मिरजगावच्या आमच्या विहारात ब्राँझचं उठावशिल्प बसवायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण वस्तीत निवृत्त चित्रकला शिक्षक मी एकटाच. विषय ठरलेला होता: बसलेले बुद्ध आणि समोर धम्म ऐकणारी माणसं. मी लगेच हो म्हणालो. त्यात माझा स्वार्थ होता, तो कुणाला सांगितला नाही.

चित्रकलेचा कोर्स करताना पुस्तकात इटलीतल्या एका चर्चच्या ब्राँझच्या दरवाजांचे फोटो पाहिले होते, पाच-सहाशे वर्षांपूर्वीचे. सगळीकडे बायबलातल्या गोष्टी, आणि चौकटीत शिल्पकाराने गुपचूप स्वतःचं आणि बापाचं डोकं बसवलेलं, असं खाली लिहिलं होतं. तो आगाऊपणा मला फार आवडला होता. मी दीड वर्षाचा असताना वडील गेले आणि त्यांचा एकही फोटो नाही. मला त्यांचं तोंड पाहायचं होतं, बस.

मेणाचा नमुना मी घरीच केला. आईला आता दिसतं कमी, म्हणून वडिलांचा चेहरा ती मेणावर बोट फिरवून सांगायची. "नाक येवढं सरळ न्हाई. गाल आत घे." वर्गात मी पोरांना जेवढं छळलं, त्याचं सगळं उट्टं तिने आठवडाभरात काढलं. हे खरंच वडिलांचं तोंड की इतक्या वर्षांत तिच्या मनात तयार झालेलं, ही शंका मला होतीच. शेवटी एका दुपारी तिचं बोट सगळ्या चेहऱ्यावरून फिरलं आणि तिने काहीच बदलायला सांगितलं नाही.

चेहरा मी पहिल्या रांगेत घेतला होता, चांगला ठसठशीत.

"हितं कशाला?" ती म्हणाली. "त्ये कवा फुडं बसले न्हाईत. वंदनेला आले की मागंच बसायचे. मागं घे."

मी समजावलं, की उठावात जवळचं ते उंच आणि लांबचं ते सपाट. मागचं डोकं नखाच्या जाडीचं होणार, दिसेल न दिसेल.

"मंग न्हाई दिसलं तर ऱ्हाऊ दे. बसले न्हाईत तिथं बसवू नगं."

मला रागच आला. जन्मात एकदा बाप हाताशी आला होता आणि तो मीच पुसायचा. दोन दिवस आईशी धड बोललो नाही. मग निमूटपणे चेहरा मागे घेतला, आणि मेणाचा नमुना ब्राँझमध्ये ओतायला नगरच्या ओतकामवाल्याकडे गेला.

शिल्प भिंतीवर बसलं त्या सकाळी, लोक जमायच्या आधी, आईला घेऊन गेलो. वडील रांगेत कुठे आहेत ते मुद्दाम सांगितलं नाही. तिचं बोट मागच्या रांगेवरून सावकाश सरकत गेलं. एक चेहरा झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. चौथ्यावर थांबलं.

तिने हात पटकन मागे घेतला. एरवी उकाड्यात तिच्या डोक्यावर पदर टिकत नाही. चार माणसांत नवरा समोर आला की बाई सावरते, तसा तिने पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि एक पाऊल मागे सरली.

मग मी वाकून वडिलांना पाहिलं.