दसरा चौक ते विद्यापीठ, चालत

“आम्ही दसरा चौकातल्या बोर्डिंगातून विद्यापीठात रोज चालत जायचो.” हे वाक्य बाबांनी मला जन्मभर ऐकवलं. स्कूटर मागितली की हेच, रिक्षा केली की हेच, आणि वर “तुला जमायचं नाही.” म्हणून परवा कोल्हापुरात उतरले ती हट्टानंच. त्यांची ती वाट पायी चालायची आणि संध्याकाळी पुण्याला फोन करून सांगायचं, जमलं.

पण या गावात कुणी चालू देईल तर शपथ! बोर्डिंगची जुनी इमारत बघितली आणि समोरच्या पानपट्टीवाल्याला फक्त वाट विचारली. त्यानं वाट सांगायची सोडून जाणारी बुलेट थांबवली. पावणं (पाहुणे) आहेत, सोडून ये, असा हुकूमही दिला. मी नको म्हटलं तर दोघंही रुसले.

लक्ष्मीपुरीत मिसळ घेतली. कट (वरचा तिखट रस्सा) न मागता पुन्हा पुन्हा वाढला गेला. डोळे पुसत बाहेर आले, तर शेजारच्या टेबलावरचे काका मी रडतेय समजून गाडी घेऊन दारात हजर. त्यांची समजूत काढता काढता माझा घसा बसला.

राजारामपुरी संपली. ऊन टाळूवर, चपला चावायला लागलेल्या, पण विद्यापीठ आता जवळ आलं होतं. तेवढ्यात दुधाचे कॅन लावलेली एक मोटरसायकल माझ्या चालीनं शेजारून यायला लागली. वर एक फेटेवाले आजोबा. मागं हॉर्नचा नुसता गोंधळ. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, माझे वडील इथून रोज चालत जायचे, मलाही चालूच द्या.

“चालत? हितं कोण चालू देतंय वो त्यास्नी?” आजोबा म्हणाले. “बसा की.”

मागचे सगळे त्यांच्यावर नाही, माझ्यावर ओरडत होते. बसले. एक कॅन त्यांनी माझ्या मांडीवर दिला. विद्यापीठाची हिरवी झाडं, रुंद रस्ते, देखणी इमारत, सगळं मी चरफडत बघितलं.

संध्याकाळी फोन केला. खोटं बोलवेना. दूधवाल्यानं गाडीवर बसवून नेलं, एवढं सांगून टाकलं.

“कॅन मांडीवर दिला असेल,” बाबा हळूच म्हणाले. “आमच्या वेळी सायकल होती. दांडीवर बसून घागर धरावी लागायची.”

“रोज?”

“तो गवळी ऐकायचाच नाही गं.”

माझी शाळेपासूनची सगळी पायपीट डोळ्यांपुढं आली. पुण्यात उतरल्यावर सरळ रिक्षा केली, थेट घराच्या दारापर्यंत. आणि बाबा गॅलरीत येईपर्यंत हॉर्न वाजवायला लावला.