सहानंतर न जेवणारे मामा

मी लिहायला बसलो हेच मुळात धाडस आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील गवंडी, आई अंगणवाडीत खिचडी शिजवते. माणूस कागदावर कसा उतरवतात हे मला कुणी शिकवलेलं नाही, आणि जे लिहिणार आहे ते नीट जमेल अशी खात्रीही नाही. तरी एक गोष्ट छातीठोकपणे सांगतो. खाण्यावर माझ्या घरमालकांइतकं प्रेम केलेला माणूस चेन्नईत दुसरा नसेल, आणि न खाण्यासाठी त्यांच्याइतके कष्ट घेतलेलाही नसेल.

वेस्ट मांबलममधल्या त्यांच्या घराच्या गच्चीवर एक खोली होती, शिकायला चेन्नईला आलो तेव्हा ती मी भाड्याने घेतली. त्यांचे पूर्वज मराठी राजांबरोबर तंजावरला गेलेले. घरात मराठी बोलत, पण ती आमच्या उदगीरकडची नव्हे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "बाळा, तुज भूक लागली की?" मला वाटलं, पोथीतूनच कुणी बोलतंय. मी "नाही" म्हटलं, कारण नवख्या घरी तसंच म्हणायचं असतं. त्यांनी ते ऐकलं आणि आत वळून बायकोला सांगितलं, "अगे, हा नाही म्हणतो. दोन दोसे घाल ह्यास." त्या घरात दोन ही संख्या कधीच दोनवर थांबत नसे, हे मला अर्ध्या तासाने कळलं. तेव्हापासून मी त्यांना मामा आणि त्यांच्या बायकोला मामी म्हणू लागलो. त्या भागात सगळेच म्हणत.

मामा पन्नाशीला टेकलेले. जॉर्ज टाउनमध्ये बंदरातल्या मालाची कागदपत्रं करणाऱ्या एका कचेरीत कारकून. पोट असं की वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, कमरेवर नाही, निव्वळ विश्वासावर टिकून असे. शहर त्यांना चवीने पाठ होतं. एकदा मला बँकेचा रस्ता सांगताना म्हणाले, "उजवीकडे वळलास की बज्जीचा वास येईल. ते सोडून पुढें जायचं. कठीण अहे, पण जा." लग्नाच्या मांडवात गेले की आचारी सांबाराची पळी घेऊन आधी त्यांच्याकडे येत. मामा डोळे मिटून चव घेत आणि न्यायाधीशाने निकाल द्यावा तसे म्हणत, "हिंग उशिरा पडलं."

हे सगळं बदललं ते अक्का आल्या तेव्हा. अक्का म्हणजे मामांची थोरली बहीण. तंजावरला शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या. मामांना त्यांनीच शिकवलं होतं. दारूचा थेंब न शिवलेल्या या बाईंचं लिव्हर साखरेने आणि चरबीने हळूहळू निकामी केलं होतं. पाय सुजलेले, डोळे पिवळे. दुसरं लिव्हर बसवणं एवढाच उपाय आहे, असं मोठ्या इस्पितळात सांगितलं. मृत्यूनंतर कुणी दान केलेलं मिळावं म्हणून यादीत नाव लागलं, पण ते कधी मिळेल हे कुणालाच सांगता येईना. जवळच्या नातलगाला आपल्या लिव्हरचा भाग देता येतो, हे कळताच मामा तिथेच म्हणाले, "माझं घ्या."

रक्तगट जुळला. मग मामांची तपासणी झाली आणि डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं की यांच्याही लिव्हरात चरबी साचली आहे. "काही वर्षांपूर्वी तुमच्या बहिणीचं असंच असणार," ते म्हणाले. "वजन उतरवा, ही चरबी जाऊ द्या. अशा स्थितीत आम्ही ते घेऊ शकत नाही."

घरी आल्यावर अक्का पलंगावरून म्हणाल्या, "मज नकोच तुझं, तंबी." धाकट्या भावाला त्या तंबी म्हणत. "त्यांत नुसतं तूप असेल. मज बसवलं तर रोज चार वाजतां बज्जी मागत उठीन." मामी हसल्या. मामा हसले नाहीत. त्यांना हसताना न पाहण्याची माझी ती पहिलीच वेळ.

आहार ठरवून देणाऱ्या बाईंनी सांगितलं, दिवसातला ठरावीक वेळच जेवा, बाकी उपवास करा. उपवास हा शब्द ऐकून मामा निर्धास्त झाले. "उपास तर अम्ही पिढ्यान्‌पिढ्या करतों," ते मला म्हणाले. त्यांच्याकडे एकादशीला भात वर्ज्य, म्हणून भाताच्या जागी उपमा, पुऱ्या आणि गव्हाची खीर. मामांनी महिनाभर रोज एकादशी पाळली. त्यातच माझ्या आईने गावाहून साबुदाणा आणि दाण्याचं कूट पाठवलं. मी खिचडी केली, मामांना दिली. त्यांनी ताटली पुन्हा पुढे केली.

"हे उपासाचं?"

"हो."

"तूप चालतं?"

"चालतं."

"बटाटा?"

"तोही चालतो."

ती ताटलीही त्यांनी चाटूनपुसून संपवली. मग म्हणाले, "तीनशे वर्षांमागें अम्ही तिकडून उगाच निघालों."

महिन्याने वजन वाढलेलं निघालं. आहाराच्या बाईंनी मामांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "सर, यात उपवास कुठे आहे?"

तो प्रश्न मामांना लागला. दुसऱ्या दिवसापासून सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, एवढ्याच वेळात जेवण. मूठभर भात, भाजी, कडधान्यं, ताक. बाकी वेळ पाणी, आणि दूध-साखर नसलेली कॉफी. जन्मभर फिल्टर कॉफीवर पोसलेल्या मामांनी या काळ्या कॉफीचा पहिला घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "ही कॉफी नव्हे, कॉफीचं श्राद्ध." पण प्यायले. एकदा पावसात अडकून घरी पोचायला सहा वाजून गेले. मामींनी ताट वाढलेलं होतं. "जेवा की, कोण बघतं?" त्या म्हणाल्या. "लिव्हर बघतं," मामा म्हणाले आणि ताट झाकून ठेवलं. त्या संध्याकाळी झाकलेल्या ताटाकडे पाठ करून बसलेला तो एवढा मोठा माणूस मला फार लहान दिसला.

चालण्याचंही तसंच. इथल्या बागांमध्ये आठच्या आकड्यावर चालण्याची पद्धत आहे. मामांनी गच्चीवर, माझ्या खोलीसमोर, रांगोळीने भला मोठा आठ काढला आणि वेष्टी गुडघ्यांपर्यंत दुमडून, पायात बूट घालून त्यावरून चालू लागले. आठच्या एका पोटात मामींचे सांडगे वाळत, दुसऱ्यात ताकातल्या मिरच्या. मामा त्यांच्याकडे न बघता मान ताठ ठेवून चालत. घामाने सदरा भिजे, धाप लागे, गुडघे दुखत. "थोडं बसा, मामा," मी एकदा म्हटलं. ते न थांबताच म्हणाले, "अक्काचे पाय सुजलेत, तिज चालवत नाही. माझे चालतात की."

मामींच्या भाचीच्या लग्नातली संध्याकाळ तर मी विसरणार नाही. पंगत बसली तेव्हा सहा वाजून गेले होते. पान मांडलं असताना न जेवता उठलं तर यजमानांचा अपमान. मामांनी तोड काढली. मला त्यांच्या पानावर बसवलं आणि स्वतः माझ्यामागे उभे राहिले. शेजारचे एक म्हातारे नातलग म्हणाले, "खोली भाड्यानें देत होतास, अत्ता तोंडही दिलंस की?" पंगत हसली. मामा गंभीरपणे मला सांगत होते, "आधीं पचडी. घाई नको. अत्ता रसम, पण भातांत घे." मी रसमभात तोंडात घातला.

"कसं अहे?"

"चांगलं आहे."

"चांगलं म्हणजे काय? कॉलेजांत शिकतोस की."

मी आणखी एक घास जिभेवर घोळवला. शेवटी म्हणालो, "आधी आंबट लागतं. मग मिरी घशाशी येते. मग टोमॅटो गोड वाटतो." मामांनी डोळे मिटून घेतले होते. थोड्या वेळाने म्हणाले, "पोदुम." म्हणजे पुरे. पोट भरल्यासारखे ते तिथून बाजूला झाले.

महिने गेले. मामांचे सदरे खांद्यावरून लोंबू लागले. कचेरीतले लोक त्यांना मागे गाठून हळूच विचारत की तब्येत बरी आहे ना. अक्कांची मात्र खरंच बिघडत चालली होती. बोलता बोलता त्यांना ग्लानी येई, आपण कुठे आहोत हे कळत नसे. जरा हुशारी आली की मामांचं मनगट हातात धरून चाचपत. "माझा तंबी कोठें गेला?" त्या मामींना विचारत. "हा कोण हाडकुळा आणून बसवलास?" मामा म्हणत, "येईल तो. तूं आधीं बरी हो." माझी परीक्षा संपली, चेन्नईबाहेर इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलो आणि तिकडेच राहायला गेलो. निघताना नमस्कार केला तर मामांनी पाठीवर हात ठेवला. तो हात आता हलका झाला होता.

पुढे त्यांचा फोन आला. शेवटची तपासणी झाली होती. "पास झालों," एवढंच म्हणाले. निकाल लागलेल्या मुलाचा आवाज होता तो. ऑपरेशनचा दिवसही ठरला होता. मी त्या दिवसाची रजा मागून ठेवली.

तो दिवस यायच्या आधीच, एका संध्याकाळी पाळी संपवून बाहेर पडताना मामींचा फोन आला. आवाजावरून काही कळेना. पहाटे इस्पितळाने बोलावलं होतं, त्या म्हणाल्या. यादीतून अक्कांचा नंबर लागला. रस्त्यावर अपघात झालेला कुणी तरुण. त्याच्या घरच्यांनी दान केलं. नाव सांगत नाहीत. ऑपरेशन झालं, नीट झालं असं डॉक्टर म्हणाले. मामांचं लागलं नाही.

आनंद झाला होता, तो दाखवावा की नाही हे कळेना. मी विचारलं, "मामा कसे आहेत?"

"बसलेत बाकावर. मी दहाला डबा आणला, उघडला नाही. दोनला विचारलं, नको म्हणाले. अत्ता सहा वाजून गेले." मग मामी म्हणाल्या, "अक्काचं चांगलं झालं, अत्ता तरी जेवा म्हटलं. तर म्हणतात, त्या पोराच्या घरीं आज चूल पेटली नसेल."