शनिवारची शिफ्ट

पप्पा ठाण्याहून ऑस्ट्रेलियात, टूवूंबाच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डर म्हणून आले आणि वर्षाच्या आत ते वर्कशॉपच बंद पडलं. मग हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम मिळालं. गाडी नव्हती, बस क्वचित. पप्पा उजाडायच्या आत रस्त्याच्या कडेने चालत निघायचे. शुक्रवारी संध्याकाळी आई शब्बाथचा दिवा लावायची आणि तो विझायच्या आत पप्पा झोपलेले असायचे. शनिवारी शिफ्ट असायची.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आमचे पूर्वज तेल गाळायचे आणि शब्बाथला काम वर्ज्य म्हणून शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं, शनवार तेली. हे मला पप्पांनीच सांगितलं. सांगताना ते माझ्याकडे नाही, खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, थकलेत.

पुढे मेलबर्नजवळ वेरिबीला आलो. पप्पांना वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्टचं काम मिळालं, शिफ्ट पुन्हा शनिवारची. मी युनीत सायकॉलॉजी घेतली. आमच्या घरात याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगायचे, आजही सांगते.

युनीत ज्यू विद्यार्थ्यांचा ग्रुप होता. दर शुक्रवारी एकत्र जेवण. पहिल्याच दिवशी एका मुलीने विचारलं, "तू कुणाबरोबर आलीस?"

"एकटीच. मीही ज्यू आहे."

"नो वे! कन्व्हर्ट झालीस?"

"माझ्या पणजोबांच्या पणजोबांना विचारून सांगते," मी म्हटलं. सगळे हसले, तीही हसली. आमची मैत्री तिथूनच सुरू झाली. पण माझे कान तापले होते.

त्याच सुमारास वर्गात विषय निघाला, संकोच, लाज आणि अपराधीपणा या भावना एकमेकींपासून वेगळ्या ओळखायच्या कशा. ट्यूटरने सांगितलेली खूण सोपी होती. कुणी बघतंय म्हणून अवघडलात, तर तो संकोच. मीच वाईट आहे असं वाटलं, तर ती लाज. ती तोंड लपवायला जागा शोधते. मी केलं ते वाईट होतं असं वाटलं, तर तो अपराधीपणा; तो भरून काढायला काहीतरी शोधत असतो. माझे तापलेले कान म्हणजे संकोच. झालं, कळलं मला सगळं!

शेवटचं सेमिस्टर पास झाले. आईचा नवस होता: पोरगी पास झाली की मलिदा. भिजवलेल्या पोह्यांत गूळ, खोबरं, वेलची. वर फळं रचायची आणि संदेष्टा एलियाहूला हाक मारणारं हिब्रू गाणं म्हणायचं. गाणं येतं फक्त पप्पांना. त्याला दहा माणसं तरी हवीत, आणि आमचे नातेवाईक सगळे इस्राएलला. मी ग्रुपला विचारलं. त्या मैत्रिणीने आपलं घर देऊ केलं. शनिवारी रात्रीचं सगळं ठरलं आणि पप्पा म्हणाले, "मी गाणार नाही."

आई भडकली. "नवस माझा, गळा यांचा! आता देवाला काय यूट्यूब लावून दाखवू?"

मला वाटलं, त्या गोऱ्या मुलांसमोर अवघडतायत. म्हटलं, "पप्पा, कुणी हसणार नाही."

"हसेनात का. हसण्याला कोण भितंय, बाय? इतकी वर्षं शनिवारी काम केलं मी. ह्या तोंडाने त्याचं नाव घेऊ?"

हा संकोच नव्हताच; वर्गात ऐकलेला अपराधीपणा माझ्यासमोर खुर्चीत बसला होता, कामाच्या बुटांसकट. टूवूंबाच्या त्या खिडकीपासून हा माणूस हे ओझं घेऊन कामाला जात होता, आणि आमच्याशी एक अक्षर बोलला नव्हता.

मग विचारलं, "शनिवार बदलून द्या, असं सुपरवायझरला कधी म्हणालात?"

"वेडी की काय? मिळालेल्या कामात खोड काढू? काय म्हणेल तो?"

"हा मात्र संकोच हं, पप्पा."

"घ्या," आई म्हणाली. "शिकवलं पोरीला, आणि पहिला पेशंट नवराच!"

पण दुसऱ्या दिवशी पप्पांनी विचारलं. घरी आले ते अंगात पिवळं जॅकेट तसंच. दारातच उभे राहिले. "नो वरीज मेट, म्हणाला. रविवार करशील का, म्हणाला." मग जॅकेट काढत म्हणाले, "एवढंच होतं?"

तो शनिवार पप्पांनी घरात नुसतं बसून काढला. एवढं स्वस्थ मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आकाशात तारे दिसले, म्हणजे शब्बाथ संपला, तेव्हा आईने नारळ खोवला आणि आम्ही निघालो. मैत्रिणीच्या घरी सगळे थांबले होते. शनिवार सरल्याची मेणबत्ती लावली, मलिद्याचं ताट मध्ये ठेवलं. पप्पांनी डोळे मिटले. मग एलियाहूचं नाव उमटलं, आमच्या अलिबागकडच्या चालीत, आणि ती सगळी मुलं एकदम ताठ झाली.

"हे तर आम्ही दर शनिवारी म्हणतो!" मैत्रीण माझ्या कानात म्हणाली.

शब्द तेच, चाल निराळी. एकेकाने सूर मिसळला. आधी दोन चाली एकमेकींवर आदळल्या. मग ती मुलं हळूहळू आपली चाल सोडून पप्पांच्या चालीत आली. कुठला त्यांच्या पूर्वजांचा पोलंड, कुठलं आमचं अलिबाग, आणि मेलबर्नच्या एका घरात तीच हाक. माझ्या अंगावर काटा आला. मला जे वाटत होतं त्याला ट्यूटरने नाव दिलं नव्हतं. मीही शोधलं नाही.

मी पदवीधर झाले, आमच्या घरातली पहिली. आणि पप्पा आता शनिवारी कामाला जात नाहीत.