नाकाशी धरलेला कांदा

शिवकन्या रडत नव्हती, आणि याचा बेंबळीतल्या बायकांना भारी राग आला होता. तिची आई कस्तुराबाई जाऊन अकरा दिवस झाले होते. भेटायला येणारी प्रत्येक बाई दारापासूनच हेल काढत यायची, शिवकन्येच्या गळ्यात पडायची, आणि ही आपली खांबासारखी उभी. "हिला रडवा गं, न्हायतर डोक्यात जाईल हिच्या," शेजारची विठाबाई येईल त्या बाईला सांगायची. आता रडू म्हणजे काय नळ आहे का, पिळला की आलं? पण सांगणार कुणाला.

खरं म्हणजे तिला काहीच वाटत नव्हतं. ना दुःख, ना भूक. दोरीवर आईचं धुतलेलं लुगडं अकरा दिवस तसंच होतं. ते दिसलं की एवढंच मनात यायचं, हे काढायला पाहिजे. काढायची मात्र नाही. कुणी चहा हातात दिला तर प्यायची, न दिला तर नाही. चौतीस वर्षांची बाई, क्विंटलभराचं पोतं एकटीनं सरकवणारी, आणि आता तांब्या उचलायचा म्हटलं तरी हात दुसऱ्या कुणाचा आहे असं वाटायचं.

घराला लागूनच तिची पिठाची गिरणी. वडील गेल्यापासून तीच चालवते, धाकट्या भावाला, कुलदीपला, संगं घेऊन. सव्वीस वर्षांचा, उंचापुरा, देखणा गडी. बोलतो थोडं, डोळ्याला डोळा देत नाही, पण दळणाच्या डब्यांची रांग लावावी तर त्यानंच! कुणाचा डबा कुणाच्या मागं, सगळं तोंडपाठ. सरपंचांच्या घरचा डबा कुणी मधे घुसवला तरी हा उचलून शेवटाला ठेवणार. सरपंचीणबाई फणकारतात आणि गाव गालात हसतं. रांग लावून झाली की तो चालू गिरणीमागच्या भिंतीला पाठ टेकून बसतो. घरघर भिंतीतून पाठीत उतरते आणि त्याचा चेहरा सैल होतो.

त्याची आणखी एक तऱ्हा. ऐकलेलं वाक्य तो वर्षानुवर्षं जपून ठेवतो आणि ज्याचं त्याच्याच आवाजात बाहेर काढतो. वडील वारल्यावर दोन वर्षांनी एकदा जेवता जेवता तो हुबेहूब त्यांच्या खर्जात म्हणाला, "शिवा, खटका बंद कर." कस्तुराबाईच्या हातातली भाकरी ताटात पडली. त्या दिवशी कुणी जेवलं नाही.

तर अकराव्या दिवशी दगडोबा तात्या, म्हणजे शिवकन्येचे चुलते, तिच्यापुढं येऊन बसले. माणूस वाईट नाही. तिच्या वडिलांमागं या घराकडं वळून बघणारे तेच एकटे.

"पोरी, सोलापूरकडं एक संस्था हाय. असल्या पोरांना ठेवून घेत्यात. म्या बोलून ठेवलंय. तेराव्याला सांजच्याला जीप येईल."

"कुलदीप कुठं जायचा न्हाय, तात्या."

"तुझी माय व्हती तवर ठीक व्हतं. आता तू दळण बघशील का त्याला बघशील? परवा बायांचा हंबरडा ऐकून भिंतीवर डोकं आपटलं त्यानं, कपाळ फुटलं. उद्या तुझ्याच डोक्यात काय घातलं, तर? तुला तरी कोण हाय मागं?"

तिची नजर दोरीवरच्या लुगड्यावर होती. तेव्हा तात्यांनाच तिची कीव आली. "बरं, असं करू. तेराव्याला चार माणसांत तो नीट ऱ्हायला, तर जीप माघारी. न्हाय ऱ्हायला, तर मला अडवायचं न्हाय."

"व्हय," शिवकन्या म्हणाली. भीती वाटायला पाहिजे होती. वाटली नाही.

आता कुलदीप डोकं का आपटतो ते सांगायलाच पाहिजे, कारण शिवकन्येचं सगळं आयुष्य त्यातच गेलंय.

तो पाच वर्षांचा आणि ती तेरा वर्षांची असताना आठवडी बाजारात पहिल्यांदा झालं. भोंगे, भज्यांच्या तेलाचा वास, रेटारेटी, त्यात कुणीतरी हलगी कडकडवली. पोरगं कान दाबून धुळीत पडलं आणि हातपाय झाडत किंचाळायला लागलं. झाली गर्दी! "फेफरं हाय, फेफरं! कांदा लावा नाकाला!" एकानं बुक्कीनं कांदा फोडून नाकाशी दाबून धरला. दोघांनी हात धरले, दोघांनी पाय. पोरगं आणखी उसळलं, आणखी उसळलं, आणि एकदम निपचित पडलं. "बघा, उतरलं!" अरे, थकून पडलं होतं ते लेकरू. पण नाव कांद्याचं झालं.

तेव्हापासून कांदा हे शिवकन्येचं काम. दप्तरात कांदा, लग्नाला निघाली तर पिशवीत कांदा. कुलदीप उसळला की आई हात धरायची आणि ही कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरायची. "हुंग राजा, हुंग. झालं, झालं. ताई हाय ना." लोक म्हणायचे, बहीण असावी तर अशी. तिला बघायला आलेली दोन स्थळं हा प्रकार बघून माघारी गेली. तिनं त्याचंही फार मनाला लावून घेतलं नाही. सतरा वर्षं ती हे करत होती, आणि मायेनं करत होती.

चार वर्षांपूर्वी धाराशिवला दिव्यांगांचं शिबिर होतं, तिथं ती त्याला घेऊन गेली. तिथं निकिता मॅडम भेटल्या, असल्या मुलांना शिकवणाऱ्या. वरच्या पंख्याच्या खटखटीनं कुलदीप कान मुरगाळायला लागला, तशी हिनं सवयीनं पिशवीतून कांदा काढला. मॅडमनी हळूच तिचा हात अडवला.

"ताई, याला फिट येत नाही. हा स्वमग्न आहे, ऑटिझम म्हणतात त्याला. तुमचे-माझे कान नको ते आवाज बाजूला सारतात. याचं तसं होत नाही. आवाज, उजेड, वास, अंगाला लागलेला हात, सगळं एकदम आत घुसतं. मावेनासं झालं की तो कोलमडतो. हट्ट नाही तो, रोगही नाही. अशा वेळी सगळं कमी करायचं असतं. आणि तुम्ही वर कांदा धरता."

शिवकन्या गिरणीवाली. तिला जास्त सांगावं लागलं नाही. वरच्या दाण्यांच्या पेटीत एकदम पोतं रिचवलं की गिरणी जाम होते, मोटर नुसती हुंकारते, पट्टा जळल्याचा वास येतो. तेव्हा कुणी वरून आणखी दाणे ओततं का? खटका बंद करायचा आणि दम धरायचा. सतरा वर्षं ती दाणे ओतत होती.

घरी येऊन तिनं आईला सांगितलं. कस्तुराबाई तूर निवडत होती, ती निवडतच राहिली. मग म्हणाली, "म्हंजे आपणच छळलं का गं त्याला?" घरातले सगळे कांदे उचलून शिवकन्येनं विठाबाईला देऊन टाकले, आणि त्या घरात पुन्हा कांदा शिरला नाही. "माळकरी झाल्या व्हय गं मायलेकी?" म्हणून गाव हसलं. माफी मागावी तर कशी? ज्याची मागायची तो डब्यांची रांग लावण्यात गुंग. तेव्हापासूनच तिच्या आत काहीतरी बधिर झालं होतं. आई गेल्यावर ते अंगभर पसरलं, एवढंच.

पण त्याच्या खुणा मात्र तिनं शिकून घेतल्या. आधी तो कानाची पाळी मुरगाळतो. मग भिंतीच्या कडेनं चालतो. मग एका सुरात हूं हूं करतो. ते हूं हूं सुरू व्हायच्या आत त्याला गिरणीमागं बसवलं आणि गिरणी चालू केली की निभावतं. आता घरात मयत म्हणून तेराव्याची जेवणं उठेपर्यंत गिरणी बंद. म्हणजे घरात रडारड दुप्पट, आणि त्याची घरघर मात्र गायब. ही रीत कुणी काढली देव जाणे, कुलदीपला विचारून काढली नव्हती.

तेराव्याला अंगणात मांडव पडला, शंभरेक माणूस जमलं. दुपारपर्यंत कुलदीप पायरीवर शांत बसून होता. तात्या लांबून बघत होते. पंगत बसली, आणि उमरग्याची मावशी उशिरा पोचली. तिनं फाटकातच हंबरडा फोडला.

कुलदीपनं कानाची पाळी धरली. शिवकन्येला दिसलं. उठायला पाहिजे, तिला वाटलं. ती उठली नाही. तो भिंतीच्या कडेनं चालायला लागला. तेही दिसलं. हूं हूं ऐकू आलं. पाय तिचे नव्हतेच जणू. मावशी सरळ जाऊन त्याच्या गळ्यात पडली, "बाळा रे, तुझी माय गेली रे!" आणि नेमकी त्याच वेळी वाढप्याच्या हातातली ताटांची चळत फरशीवर कोसळली.

कुलदीपनं मावशीला ढकललं आणि मांडवाच्या खांबावर डोकं आपटायला लागला. एकच गलका झाला. "धरा, धरा त्याला!" तात्यांचा मुलगा कृष्णराज यानं मागून मिठी घातली. आणि विठाबाई, बिचारी मदतीलाच, आपल्या घरातून पळत आली. हातात फोडलेला कांदा.

तो कांदा बघितला आणि शिवकन्या उठली.

"सोड त्याला, कृष्णराज! कुणी हात लावायचा न्हाय!" विठाबाईच्या हाताला तिनं असा फटका दिला की कांदा उडून गिरणीच्या पायरीखाली गेला. "मागं सरा सगळे! मावशी, तुमी रडायचं बंद करा!" तिनं गिरणीचं दार उघडलं, डबाभर ज्वारी पेटीत ओतली आणि खटका दाबला.

"अगं, जेवणं उठायचीत अजून!" पंगतीतून कुणीतरी ओरडलं.

"माझ्याच मायचं तेरावं हाय. म्या बघून घेईन!"

गिरणी घरघरली. तिनं आतला दिवा मालवला आणि दाराकडं पाठ करून, लोकांकडं तोंड करून, उंबऱ्यात उभी राहिली. कुलदीपला तिनं ओढलं नाही, हाक मारली नाही. थोड्या वेळानं तो आपणच तिच्या बाजूनं रांगत आत गेला आणि भिंतीला पाठ टेकून बसला. अर्ध्या तासानं त्याचा श्वास सरळ झाला. शिवकन्येनं गिरणी बंद केली आणि बाहेर आली.

समोर तात्या. "शिवा, शब्द झाला व्हता आपला."

"व्हय."

"जीप निघालीय."

"त्याचा गुन्हा न्हाय, तात्या. मला सगळं दिसलं व्हतं. म्याच उठले न्हाय." एवढं म्हणेपर्यंत तिचे हात थरथरायला लागले. मग गुडघे. ती पायरीवरच बसली, दात दातावर आपटायला लागले. "फिट आली गं हिला!" बायका धावल्या. कुणी पदरानं वारा घातला, कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी हात दाबून धरले, सगळ्या एकदम बोलत होत्या. तो गलका, ते पाणी, ते हात, सगळं एकदम तिच्यात घुसलं. थांबा म्हणायचं होतं तिला, पण तोंड उघडेना. असं होतं तर त्याला, तिला कळलं. असं होतं.

गर्दी जराशी फाकली. कुलदीप उभा होता. त्यानं वाकून पायरीखालचा कांदा उचलला. वासानं उमासा आला, त्यानं तोंड फिरवलं, डोळे गच्च मिटले, पण हात लांब करून तो कांदा त्यानं तिच्या नाकाशी धरला.

"हुंग राजा, हुंग," तो म्हणाला. आवाज तेरा वर्षांच्या पोरीचा होता. तिचाच. "झालं, झालं. ताई हाय ना."

शिवकन्येनं हुंगलं. जोरात हुंगलं, आणि पोटातून रडू वर आलं, आईचं आणि त्याच्या आधीचंही. छळच झाला होता त्याचा, ते खरंच होतं. पण त्यानं नुसता कांदा लक्षात ठेवला नव्हता. 'ताई हाय ना' पण ठेवलं होतं.

विठाबाई तिला कवटाळायला पुढं झाली, तशी तात्यांनी काठी आडवी धरली. "हात लावू नका तिला कुणी. मागं सरा." मग ते मांडवाबाहेर गेले आणि फोन कानाला लावून म्हणाले, "हां, जीप माघारी फिरव. न्हाय, कुणीबी यायचं न्हाय."

कुलदीप अजून हात अंगापासून लांब धरून उभा होता. शिवकन्या उठली, तिनं नळ सोडला, गिरणीतलं मूठभर ताजं पीठ आणलं. त्यानं आपण होऊन हात पुढं केला. ती पीठ चोळत होती आणि रडत होती.

"वास," तो म्हणाला.

"जाईल," ती म्हणाली, आणि पुन्हा पीठ घेऊन चोळायला लागली.